मळे डोंगराच्या अल्याड, तळघर पल्याड : शातो मुसार

(दृश्य : बेका खोरं, सकाळ. दगडगोट्यांच्या जमिनीतले वेल.)

लेबनॉनचं बेका खोरं, समुद्रसपाटीपासून सुमारे 1000 मीटरवर. इथे बालबेकला रोमनांनी मद्यदेव बॅकसचं देऊळ बांधलं, ते आजही उभं आहे. त्यापुढे होशार घराण्याची शातो मुसार ही वायनरी, म्हणजे वाइनचा कारखाना, कालपरवाचीच म्हणायची. ती सुरू झाली 1930 साली.

ती सुरू करणारे गास्तों होशार तेव्हा जेमतेम विशीतले. मळे बेकामध्ये, पण वाइन करायची जागा त्यांनी निवडली ती डोंगर ओलांडून, समुद्राच्या बाजूला, गझीरच्या जुन्या गढीत. कारण असं सांगतात, की देशाच्या सरहद्दी तेव्हा नवीन होत्या. उद्या बेका लेबनॉनमध्ये राहील की नाही, कुणी सांगावं? मळे गेले तरी पिंपं हाताशी राहावीत, एवढाच हिशेब. तेव्हापासून दर हंगामात द्राक्षं ट्रकांतून घाट ओलांडून येतात.

(दृश्य : डोंगरातला वळणांचा रस्ता.)

1959 मध्ये थोरले चिरंजीव सर्ज पुढे आले. फ्रान्समधल्या बॉर्दोत वाइनशास्त्राचे नामांकित प्राध्यापक एमिल पेनो यांच्याकडे शिकलेले. वाइन मी माझ्या पद्धतीने करणार, तुम्ही आता बाजूला व्हा, असं त्यांनी वडिलांना सुनावलं म्हणतात. वडील झाले बाजूला! धाकटे रोनाल्ड यांनी हिशेब आणि विक्री सांभाळली.

1975 ला यादवी पेटली आणि तो घाटरस्ता जिवावरचा झाला. नाक्यानाक्यावर वेगवेगळ्या गटांचे बंदूकधारी. 1976 साली वाइन झालीच नाही. 1984 ला ट्रक वळसे घेत, अडकत इतक्या दिवसांनी पोचले, की द्राक्षं वाटेतच आंबायला लागली होती. बाकी जवळजवळ प्रत्येक वर्षी मात्र बाटल्या भरल्या गेल्या. खुडा करायला बेदुइन मजूर येत राहिले, ट्रकवाले गाड्या काढत राहिले. या कंपनीच्या इतिहासात त्यांचं नाव आधी यायला हवं, असं आम्हाला वाटतं.

देशात गिऱ्हाईक उरलं नव्हतं. 1979 साली सर्ज यांनी बाटल्या इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या वाइन मेळ्यात नेल्या. तिथे मायकेल ब्रॉडबेंट या नामांकित जाणकाराने त्या चाखल्या, वाखाणल्या, आणि मुसारला परदेशी बाजार मिळाला. 1984 साली ‘डिकँटर’ या वाइनविषयक मासिकाने आपला पहिला ‘मॅन ऑफ द इयर’ म्हणून सर्ज यांनाच निवडलं.

(दृश्य : डोंगरात खोदलेलं तळघर. सिमेंटच्या टाक्या, मग ओकची पिंपं.)

लाल वाइनसाठी द्राक्षांच्या तीन जाती : काबर्ने सोव्हिन्यों, सांसो, कारिन्यान. प्रत्येक जात आधी वेगवेगळी आंबवतात, तीही द्राक्षांच्या सालीवरच्या यीस्टनेच; विकतचं घालत नाहीत. मग वर्षभर ओकच्या पिंपात, त्यानंतर मिश्रण, त्यानंतर बाटलीत वर्षानुवर्षं मुक्काम. खुड्यानंतर सातव्या वर्षी बाटली विक्रीला निघते. भांडवल इतकी वर्षं अंधारात ठेवायला व्यापाऱ्याचं काळीज वेगळं लागतं. त्यातून बाहेर तोफा चाललेल्या! चवही दरसाल एकसारखी नसते. काही जाणकार तिला चक्क सदोष ठरवतात, काही तिच्यासाठी वेडे होतात.

पांढरी वाइन ओबैदेह आणि मेरवाह या लेबनॉनच्याच जुन्या जातींची. बॉर्दोत शिकून आलेल्या माणसाने त्या जपल्या, हे आम्हाला लाल वाइनपेक्षाही मोलाचं वाटतं.

31 डिसेंबर 2014 रोजी मेक्सिकोत पोहताना सर्ज गेले. आता तिसरी पिढी काम पाहते. सर्ज यांच्या एका मुलाचं नाव गास्तों, आजोबांचंच. युद्ध संपल्यावर वायनरी बेकात, मळ्यांशेजारी हलवता आली असती. होशारांनी ती गझीरमध्येच ठेवली आहे.