शेवटी उघडायची बाटली : गाडीच्या रंगासाठी हेवी कट कंपाउंडची निवड

(दृश्य : छत्रपती संभाजीनगर–जालना रस्त्यालगतचे पत्र्याच्या शेडमधील वर्कशॉप. काळ्या रंगाची मोटार. कारागीर बॉनेटवर टॉर्च तिरपा धरतो.)

शेडमधल्या ट्यूबलाइटखाली हे बॉनेट स्वच्छ दिसत होते. टॉर्चचा झोत तिरपा पडताच त्यावर गोलाकार बारीक रेघांची दाट जाळी उमटली आहे. त्या जाळीतून दोन-तीन लांब, सरळ चरे गेले आहेत आणि वायपरच्या बाजूला पाण्याच्या थेंबांचे पांढुरके डाग आहेत. गाडीमालकाची मागणी एका वाक्याची आहे : रबिंग करा, पण सगळे निघाले पाहिजे. मागच्या फळीवर कंपाउंडच्या, म्हणजे रंगाचा पृष्ठभाग घासून चरे काढणाऱ्या पेस्टच्या, चार-पाच बाटल्या उभ्या आहेत. त्यांतली सर्वांत कडक बाटली, म्हणजे सर्वांत खोल कापणारे हेवी कट कंपाउंड, केव्हा उघडायची आणि केव्हा उघडायची नाही, हा या माहितीपटाचा विषय आहे.

या रेघा आल्या कुठून, हे पाहिल्याशिवाय त्या काढण्याचा विचार करता येत नाही. मराठवाड्यात गाडी धुण्यासाठी पाणी ओतणे ही अनेक घरांना न परवडणारी गोष्ट आहे. लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. ज्या प्रदेशात पिण्याच्या पाण्याची ही अवस्था होते, तिथे सकाळी गाडीवर कोरडे फडके फिरवले जाते आणि त्याबद्दल कुणालाही दोष देता येणार नाही. मात्र त्या फडक्याखाली जे असते, ते रंगासाठी कठीण असते. खडी क्रशरजवळच्या रस्त्यांवर बेसाल्टचा चुरा उडतो. परळी वैजनाथच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात राख बसते आणि त्या राखेत प्रामुख्याने सिलिका व अॅल्युमिना असते. हे कण फडक्याबरोबर रोज घासले गेले, की वर्षभरात गडद रंगाची गाडी उन्हात जुनी दिसू लागते.

(दृश्य : रंगाच्या थरांचे उभे छेदचित्र.)

कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर बहुधा चार थर असतात. पत्र्याला चिकटून सीईडीचा, म्हणजे विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर असतो. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत काम केलेल्यांना हा शब्द चांगला परिचयाचा आहे. त्याची जाडी सुमारे २० मायक्रॉन असते; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते आणि त्यांपैकी क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे ज्या थरावर कारागीर मशीन चालवणार आहे, तो केसाहूनही पातळ आहे.

चरा काढणे म्हणजे चरा भरणे नव्हे. चऱ्याच्या दोन्ही बाजूंचा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणला, की चरा उरत नाही. चरा काढताना कंपाउंड दुसरे काहीही करत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी जे निघते, ते कायमचे निघते. शिवाय हा थर केवळ चकाकीसाठी नसतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषणारी द्रव्ये त्यातच मिसळलेली असतात, आणि थर जितका पातळ होईल तितके खालच्या रंगाचे संरक्षण कमी होते. छतावरचा आणि बॉनेटवरचा क्लिअर कोट पांढरा पडून सोलल्यासारखा सुटलेल्या गाड्या आपल्याकडच्या रस्त्यांवर पुष्कळ दिसतात. त्या अवस्थेवर कोणतेही कंपाउंड चालत नाही. तिथे पुन्हा रंगच द्यावा लागतो.

म्हणून पहिले हत्यार मशीन नसून जाडी मोजणारे मीटर आहे. कारागीर ते बॉनेटवर टेकवतो : ११८. एक वीत पुढे : ११४. छताच्या कडेजवळ : ९२. डाव्या मागच्या दरवाज्यावर आकडा थेट २६० वर जातो, म्हणजे हा दरवाजा नंतर रंगवलेला आहे. एखाद्या ठिकाणी आकडा हजाराच्या पुढे गेला, तर आत लांबी (खळगे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे असे धरून चालावे. जाड आकडा म्हणजे भरपूर क्लिअर कोट, असा समज मात्र चुकीचा ठरतो, कारण मीटर सर्व थरांची एकत्र जाडी सांगते, एकट्या क्लिअर कोटची नाही. दरवाज्यावरच्या २६० मायक्रॉनमध्ये क्लिअर कोट तीसच असू शकतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर तर साधे मीटर चालतच नाही, आणि कडा व उठावदार रेषांवर क्लिअर कोट मुळातच पातळ बसलेला असतो. म्हणून तिथे आधी मास्किंग टेप लावली जाते.

(दृश्य : वायपरजवळचे पांढुरके डाग, जवळून.)

आता या डागांकडे पाहू, कारण हेवी कट कंपाउंडचा सर्वांत मोठा गैरवापर आपल्या भागात इथेच होतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. तापलेल्या बॉनेटवर थेंब पडला, की पाणी उडून जाते आणि क्षारांचे कडे उरते. हे कडे रंगावर बसलेले असते; तो रंगातला चरा नसतो. त्यावर थेट कंपाउंड चालवले, तर क्षारांचे कण सुटून मशीनच्या पॅडखाली येतात आणि नवे ओरखडे पाडतात. मग ते ओरखडे काढण्यासाठी आणखी कंपाउंड लागते. वास्तविक असे ताजे डाग पाण्यात मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने किंवा डाग काढण्यासाठी मिळणाऱ्या सौम्य आम्लद्रव्याने विरघळतात. अट एवढीच, की पत्रा थंड असावा आणि नंतर भरपूर पाण्याने धुतला जावा. क्षार निघाल्यावरही त्या जागी खळगा दिसला, तर थेंबाने क्लिअर कोट खाल्लेला आहे. तेवढ्याच जागेचा विचार कंपाउंडसाठी करायचा.

लोखंडाच्या कणांचेही तसेच आहे. ब्रेकमधून उडणारा लोहचुरा सगळीकडेच असतो आणि जालन्यासारख्या स्टील उद्योगाच्या गावात त्यात भर पडते. हा चुरा रंगात रुतून बसतो व हाताला खरखरीत लागतो. आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोहकण विरघळवणारे द्रव्य, फवारला, की त्याचे जांभळे ओघळ वाहू लागतात. त्यानंतर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवून पृष्ठभाग काचेइतका गुळगुळीत लागला पाहिजे. इतके सगळे झाल्यावर जे उरते, तेच खरे चरे.

(दृश्य : फळीवरच्या बाटल्या.)

कटिंग कंपाउंड म्हणजे पाणी, तेल आणि वंगण यांत मिसळलेले अपघर्षक कण, आणि हे कण बहुतेक वेळा अॅल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. कणांचे दोन स्वभाव आहेत. एका प्रकारातील कण घासता घासता फुटून बारीक होतात. ते सुरुवातीला खोल कापतात आणि शेवटी पॉलिशसारखे वागतात, पण त्यासाठी त्यांना पुरता वेळ द्यावा लागतो. अर्ध्यावर पुसून घेतले, तर धुरकटपणा राहतो आणि दोष कंपाउंडच्या माथी मारला जातो. दुसऱ्या प्रकारातील कण मुळातच अतिसूक्ष्म असतात आणि शेवटपर्यंत तसेच राहतात. त्यांची धार हाताचा दाब, पॅड आणि वेळ यांवर चालते. बाटली घेताना ती कोणत्या जातीची आहे हे विचारून घ्यावे, कारण दोन्हींवर हात चालवण्याची रीत वेगळी आहे.

बाटलीवरचा आकडा हाही गोंधळाचा विषय आहे. मेंझेर्ना या कंपनीच्या मालिकेत ४०० हे हेवी कट आहे, २५०० मध्यम आणि ३५०० अखेरचे फिनिश; इथे आकडा लहान, तितका कट जास्त. मेग्वायर्स या कंपनीचे १०५ कटिंगचे आणि २०५ फिनिशचे. हे आकडे पाणपेपरच्या (पाणी लावून घासायच्या कागदाच्या) नंबरासारखे नाहीत आणि एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी लावून पाहण्यात अर्थ नाही. वर्कशॉपमध्ये रंगकामही चालत असेल, तर सिलिकॉन नसलेलेच कंपाउंड ठेवावे, कारण सिलिकॉनचा अंश उडून ताज्या रंगाखाली गेला, तर त्या रंगात डोळे, म्हणजे बारीक गोल खळगे, पडतात.

कट एकट्या बाटलीत नसतो. तेच कंपाउंड मऊ फोमवर सौम्य वागते, मायक्रोफायबरच्या पॅडवर जोर धरते आणि एकाच जागी गोल फिरणाऱ्या रोटरी मशीनवर लोकरीच्या पॅडखाली सर्वांत खोल कापते. गोल फिरता फिरता डोलणारे ड्युअल अॅक्शन मशीन उष्णता कमी निर्माण करते आणि नवशिक्याच्या हातून होणारे नुकसान टाळते. रोटरी वेगाने काम उरकते, पण गोल फिरल्याच्या सावल्या मागे सोडते, ज्यांना वर्कशॉपमध्ये होलोग्राम म्हणतात. आमच्या मते या संपूर्ण कामातला सर्वांत उपयोगी नियम असा आहे, की कट कमी पडला तर आधी पॅड बदलावे आणि त्यानंतरच कंपाउंड.

(दृश्य : बॉनेटवर टेपने आखलेला चौकोन.)

हा नियम प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहा. कारागिराने बॉनेटवर सुमारे दीड फुटाचा चौकोन टेपने आखला आहे. सुरुवात मध्यम पॉलिश आणि फोम पॅडने होते. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, मशीन बंद असतानाच ते चौकोनात पसरवणे, मग सावकाश आडवे आणि उभे हात. प्रत्येक हात आधीच्या हातावर अर्धा चढलेला. पुसल्यावर चौकोन लखलखीत दिसतो, पण कारागीर इतक्यात विश्वास ठेवत नाही. तो पाण्यात मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून चौकोन पुन्हा पुसतो. पॉलिशमधली तेले, आणि काही स्वस्त कंपाउंडमधली मेणासारखी भरण, बारीक रेघा झाकून टाकतात. दोन धुण्यांनंतर त्या परत दिसतात आणि गिऱ्हाईक परत येते. अल्कोहोलने ते झाकण उतरते. टॉर्च धरला, तर जाळी बरीच विरळ झाली आहे, पण अर्ध्याहून अधिक रेघा जागेवर आहेत.

आता बाटली तीच, पॅड मायक्रोफायबरचे. पुन्हा तेच हात, पुन्हा अल्कोहोल, पुन्हा टॉर्च. गोल रेघा जवळपास गेल्या आहेत. सरळ चऱ्यांपैकी दोन राहिले आहेत. एकावर नख आडवे फिरवले तर ते अडकते. तो चरा इथेच सोडायचा; तो पूर्ण काढण्याइतका क्लिअर कोट खाली आणला, तर थर सुरक्षित राहणार नाही. त्याच्या कडा गोलाई घेतील तेवढे काम केले, की तो उन्हात चमकत नाही, आणि मालकाला ते आधी सांगून ठेवणे हे कारागिराचे कर्तव्य आहे. दुसऱ्या चऱ्यावर नख अडकत नाही. त्यासाठी, आणि तेवढ्यासाठीच, आता हेवी कट कंपाउंड उघडले जाते. त्याच्या दोन-तीन फेऱ्यांत चरा जातो आणि जागा किंचित धुरकट होते. हा धुरकटपणा अपेक्षित आहे. पुढच्या टप्प्यातील बारीक पॉलिश तो काढते. संपूर्ण बॉनेटला हेवी कटची गरज नव्हती, हे या एका चौकोनाने ठरवले.

हेच उत्तर दुसऱ्या गाडीवर चालेल असे नाही. जर्मन गाड्यांचा क्लिअर कोट कडक आणि जपानी गाड्यांचा मऊ, असे बोलले जाते, पण तो ठोकताळा आहे. त्याच गाडीचा नंतर रंगवलेला दरवाजा बॉनेटपेक्षा निराळा वागतो, म्हणून त्याचा चौकोन वेगळा आखला जातो. काही जुन्या गाड्यांच्या साध्या रंगांवर क्लिअर कोट नसतोच. पॅडवर गाडीचाच रंग उतरू लागला, तर आपण प्रत्यक्ष रंग घासत आहोत हे समजावे आणि हात हलका करावा.

कारागिराला हेवी कट सर्वाधिक घ्यावा लागतो तो रंगकामानंतर. नव्या रंगावर बसलेली कणी काढण्यासाठी पाणपेपर मारला जातो आणि घाई असेल तर १५०० नंबरवरूनच थेट कंपाउंडवर उडी घेतली जाते. १५०० च्या कागदावरचे कण सरासरी साडेबारा मायक्रॉनचे असतात. त्यांच्या रेघा काढायला मशीनवर फार जोर द्यावा लागतो आणि पत्रा तापतो. त्याऐवजी २००० आणि मग ३००० चा कागद मारला, तर मध्यम कंपाउंडही काम भागवते. दहा मिनिटांचा कागद वाचवण्यासाठी कंपाउंडवर भिस्त ठेवणे रंगाला महागात पडते.

(दृश्य : दुपारचे ऊन, तापलेला पत्रा. कारागीर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखतो.)

मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांचा उल्लेख कोणत्याही बाटलीवर नसतो. हवा चाळीस अंशांच्या पुढे गेलेली असताना उन्हातला काळा पत्रा साठ अंश सहज ओलांडतो. अशा पत्र्यावर कंपाउंडमधले पाणी क्षणात उडते, पेस्ट चिकट होते किंवा पांढरी भुकटी होऊन उडू लागते, आणि कोरडे कण कापण्याऐवजी ओरखडे काढतात. तापलेला क्लिअर कोट मऊही पडतो, त्यामुळे कट किती होत आहे याचा अंदाज हाताला लागत नाही. म्हणून इथल्या उन्हाळ्यात कटिंगचे काम सकाळी लवकर, सावलीत आणि हाताला थंड लागणाऱ्या पत्र्यावर करावे. चौकोन लहान घ्यावा आणि पॅडवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारावा. दोन कंपाउंडचा कट सारखा असेल, तर जे जास्त वेळ ओले राहते ते निवडावे. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने किंवा हवेच्या दाबाने साफ करावे. कंपाउंड आणि निघालेला रंग यांनी माखलेले पॅड तापते आणि त्याचा कट बेभरवशाचा होतो.

हेवी कटनंतर फोम पॅडवर बारीक पॉलिश, पुन्हा अल्कोहोल आणि शेवटी संरक्षणासाठी सीलंट किंवा मेण, असा क्रम ठरलेला आहे. काम संपल्यावर कारागीर मीटर त्याच जागांवर पुन्हा टेकवतो आणि आकडे जॉब कार्डवर लिहितो. साध्या मीटरची अचूकता दोन-तीन मायक्रॉनच्या आतबाहेर असते, त्यामुळे एका कामात किती थर गेला हे त्यातून नेमके कळत नाही. पण त्याच गाडीचे पुढच्या वर्षांतले आकडे या आकड्यांशेजारी ठेवता येतात. छताच्या कडेजवळच्या ९२ या आकड्यापुढे त्याने लिहिले आहे : इथे कटिंग केलेले नाही, पुढेही करू नये. कार्डाची एक प्रत मालकाकडे जाते. तो पुढच्या वेळी दुसऱ्या कुठल्या वर्कशॉपमध्ये गेला, तरी तिथल्या माणसाला बाटली निवडण्याआधी ही नोंद वाचता येईल.