कोबीचे पान आणि कोलरूलाडन

श्रोतेहो, जर्मन स्वयंपाक म्हटला की आपल्याला बटाटे आणि सॉसेज आठवतात. आज मात्र मी 'कोलरूलाडन' या एकाच पदार्थाबद्दल बोलणार आहे. कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून मंद आचेवर शिजवलेल्या या वळकट्या. 'कोल' म्हणजे कोबी. आपल्या नवलकोलात डचांकडून आलेला शब्दही त्याचाच सख्खा भाऊ आहे. दक्षिण जर्मनीत याच पदार्थाला 'क्राउटविकल' म्हणतात.

वरवर पाहता हा पदार्थ खिम्याचा वाटतो, पण तो बिघडतो पानापाशी. उत्तर समुद्राकाठच्या डिथमार्शन जिल्ह्यात कोबीची अफाट शेते आहेत आणि १९८७ पासून तिथे दर सप्टेंबरात कोबीचा उत्सव भरतो. अशा शेतांतून येणारा गड्डा इतका घट्ट असतो की कच्चे पान सोडवायला गेलो तर ते फाटतेच. म्हणून बुडाचा दांडा शंकूसारखा कोरून काढावा, अख्खा गड्डा उकळत्या मिठाच्या पाण्यात सोडावा आणि बाहेरचे पान सैल झाले की ते चिमट्याने अलगद ओढून घ्यावे. असे एकेक करत आठ-दहा मोठी पाने निघतात. मधली जाड शीर सुरीने तासून पानाच्या जाडीला आणायची, जशी अळूवडीसाठी आपण अळूची शीर तासतो तशीच. पहिल्या खेपेला मी ती शीर कापूनच टाकली होती. पानाला मधोमध खिंड पडली आणि सगळा खिमा रश्श्यात उतरला.

सारणासाठी अर्धा किलो खिमा, बहुधा निम्मा डुकराचा आणि निम्मा गाईचा, घेतात. त्यात दुधात भिजवून पिळलेला शिळा पाव, एक अंडे, बारीक चिरलेला कांदा, चमचाभर मोहरीची चटणी, मीठ, मिरी आणि मार्जोरम नावाचा सुवासिक पाला मिसळतात. पाव घालणे ही काटकसर समजू नये. त्याच्यामुळेच खिमा शिजल्यावर दगडासारखा होत नाही.

पानाच्या कडा आत दुमडून वळकटी घट्ट गुंडाळायची आणि दोऱ्याने बांधायची. त्यानंतरचे काम घाईचे नव्हे. जाड बुडाच्या पातेल्यात 'बुटरश्माल्त्स', म्हणजे जवळजवळ आपले तूपच, तापवून वळकट्या सगळ्या बाजूंनी चांगल्या तांबूस होईपर्यंत परतायच्या. पान इथेतिथे काळपट झाले तरी हरकत नाही, कारण रश्श्याची सारी चव त्या डागांत असते. टोमॅटो घालणारेही आहेत, पण माझ्या मते टोमॅटोच्या आंबटपणाखाली भाजलेल्या कोबीची गोडी बुडून जाते. उरलेला कोबी चिरून त्याच तुपात परतायचा, त्यावर वळकट्या रचायच्या, अर्धा लिटर मटणाचे किंवा भाज्यांचे सूप ओतायचे आणि झाकण ठेवून पाऊण ते एक तास मंद आचेवर शिजू द्यायचे. शेवटी वळकट्या बाजूला काढून थोड्या पिठाने रस्सा दाट करतात.

सोबत उकडलेले बटाटे. घरोघरी वळकट्या दोऱ्यासकट ताटात येतात. प्रत्येकजण आपला दोरा कापतो, ताटाच्या कडेला ठेवतो आणि मग बटाटा रश्श्यात कुस्करायला घेतो.