घर मांजरांचं, कुत्रं नंतर आलं

नमस्कार. एवढा पाऊस असून विश्रामबागेत ही गर्दी, बरं वाटलं. मी काय डॉक्टर नाही हां, दोन मांजरं नि एक कुत्रं सांभाळते, एवढंच.

आमच्याकडं ठमी आणि भुरी आधीपासनं. मग भावानं जतकडनं कारवान जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं, सोन्या. कर्नाटकात ह्यांनाच मुधोळ म्हणतात, 2005 साली पोस्टानं तिकीट पण काढलं होतं. पण ही जात नजरेनं शिकार करणारी, काही पळताना दिसलं की सुटलंच. पिढ्यानपिढ्या सशामागं पळालेलं जनावर, आणि आपण त्याला सांगणार, मांजरामागं पळू नको.

मी पहिल्याच दिवशी सोन्याला हॉलमध्ये सोडलं, म्हटलं होईल ओळख. ठमी पळाली, तो मागं, ठमी कट्ट्यावरनं पिठाच्या डब्यावर, डबा खाली, ठमीसकट सगळं घर पांढरं. भुरी माळ्यावर गेली ती दोन दिवस खाली नाही, आणि उतरली तेव्हा माझ्या चादरीवर मुतली. मी लई चिडले, पण ती सूड घेत नव्हती ओ, घाबरली होती. (बोका सारखा मुतायला बसतोय आणि होत नाही असं दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडं पळा, लघवी तुंबली तर जीव जातो.)

मांजराची हद्द ही वासाची असते. दाराला, सोफ्याला गाल घासते ना, तो वास म्हणजे तिची सातबारावरची नोंद समजा, आणि आपण कुत्रं आलं म्हणून फिनेलनं घर घासून काढतो! नोंदही गेली, वर फिनेल मांजराला विषारी.

मग मी पहिल्यापासनं सुरू केलं. सोन्या मागच्या खोलीत, दार बंद. त्याच्या अंगाला पुसलेला पंचा ठमीच्या ताटलीपासनं लांब ठेवला, रोज वीतभर जवळ सरकवला, तिचं फडकं त्याच्याकडं. नंतर जेवण दाराच्या दोन्ही बाजूला. एक दिवस भुरीनं दाराखालच्या फटीतनं पंजा घातला, नखं आत ठेवून, आणि पलीकडनं फक्त सूं सूं. मी पोळ्या लाटायची थांबले.

दार उघडलं ते तीन आठवड्यांनी, सोन्याला पट्टा लावून. मांजरावरनं नजर काढून माझ्याकडं बघितलं की चिकनचा तुकडा. रोज पाच मिनिटं, बास. आणि पळापळ एकदाही होऊ द्यायची नाही, कारण त्यात त्याला जी मजा येते ती कुठल्या तुकड्यात नाही. शेपटीचा घोळ पण लक्षात ठेवा, कुत्रं शेपूट हलवतं ते बहुतेक वेळा खुशीत, मांजर आपटतंय म्हणजे ते वैतागलंय.

फ्रिजवरची, कपाटावरची जागा मांजरांना मोकळी ठेवा. लिटरचा ट्रे, म्हणजे मांजरांच्या शी-शूचा, कुत्र्याचं तोंड पोचणार नाही तिथं, कुत्री ते खातात, आता चहाच्या वेळेला कुठं बोलू.

मगाशी मागनं कुणीतरी विचारलं, आता मैत्री झाली का? नाही ओ. ठमी त्याच्या अंगावरनं चालत जाते, भुरी अजून फ्रिजवरनं बघते. आणि शेजारचा बोका कंपाउंडवर दिसला की सोन्या आजही सुटतो, तो आपल्या घरातला नाही ना. म्हणून आमचं गेट बंदच असतं, येताना बेल वाजवा.