सिंह दाराबाहेर थांबतो

नजर काठीच्या माथ्यावर असू द्या. आबनुसाची काळीकुळकुळीत काठी, लांबी साडेतीन फुटांच्या आसपास, आणि वर सोन्याचा सिंह. इंग्लंडच्या राजचिन्हांत सिंह म्हणजे राजसत्ता. ही काठी निघाली, की राजाचा हुकूम निघाला.

आपल्याकडे दरबारात चोपदार असायचा. लंडनच्या संसदेत, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये तसाच एक मानकरी आहे. हातातल्या काठीवरूनच पदाचं नाव पडलं, ‘ब्लॅक रॉड’. पद चौदाव्या शतकातलं. मुळात ऑर्डर ऑफ द गार्टर या मानाच्या सरदारमंडळाच्या दारावरचं.

गळ्यातलं पदक जवळून पाहा. मधोमध सोन्याची गाठ, तिच्याभोवती गार्टरचा पट्टा, वर मुकुट. पट्ट्यावरची अक्षरं फ्रेंच आहेत: जो यात वाईट पाहील, लाज त्यालाच.

अधिवेशनाचं उद्घाटन करायला राजा लॉर्ड्समध्ये येऊन बसलाय. आता लोकांनी निवडून दिलेल्या खासदारांना बोलवायचं. ब्लॅक रॉड निघतात. सेंट्रल लॉबी मागे पडते, मेंबर्स लॉबी येते, समोर हाउस ऑफ कॉमन्सचं उघडं दार.

आणि ते तोंडावर धाडकन बंद होतं.

राजाचा सिंह हातात असून दार ठोठवावं लागतं. एक. दोन. तीन. वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी लाकडात पडलेला हा खळगा बघा. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात हे सभागृह बेचिराख झालं, १९५० मध्ये पुन्हा उभं राहिलं. तेव्हा त्याची प्रवेशद्वारं भेट दिली भारत आणि पाकिस्तानने.

दार लावण्यामागे एक दिवस आहे. ४ जानेवारी १६४२. पहिला चार्ल्स राजा सैनिक घेऊन आला आणि थेट कॉमन्समध्ये शिरला. पाच खासदारांना पकडायचं होतं. ते आधीच निसटलेले. कुठे आहेत ते, राजाने विचारलं. सभापती विल्यम लेंथॉल यांनी गुडघे टेकले, पण पत्ता दिला नाही. या सभागृहाच्या आज्ञेवाचून मला पाहायला डोळे नाहीत, बोलायला जीभ नाही, असं ते म्हणाले. राजाच्या तोंडावर!

पुढे यादवी झाली, १६४९ मध्ये चार्ल्सचा शिरच्छेद झाला. कामकाज चालू असताना कोणी राजा वा राणी पुन्हा इथे आलेली नाही.

२०१८ मध्ये ही काठी पहिल्यांदा एका स्त्रीच्या, सारा क्लार्क यांच्या हाती आली.

दारातल्या जाळीतून कुणीतरी बाहेर पाहतं. दार उघडतं. ब्लॅक रॉड सभापतींपुढे झुकतात, निरोप सांगतात. खासदार उठतात, आणि जोडीजोडीने, मोठमोठ्याने गप्पा मारत, सावकाश निघतात.