नाव कुणी विचारलं?

(वाशीतल्या व्याख्यानाचा काही भाग)

आपण धरूनच चालतो की फोटो म्हणजे पुरावा आणि चित्र म्हणजे चित्रकाराच्या मनातलं काहीतरी. मला हे पटत नाही, आणि दुष्काळाच्या बाबतीत तर अजिबातच नाही.

हा फोटो तुम्ही कधी ना कधी बघितलाच असेल. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग, 1936, कॅलिफोर्नियात निपोमोजवळ मटार तोडणाऱ्या मजुरांचा तळ, पीक थंडीने गेलेलं, हाताला काम नाही. बाई बत्तीसची पण वाटते पन्नाशीची, दोन पोरं पाठ करून तिच्या खांद्यात तोंड लपवलेली, मांडीत तान्हं, तिचा हात गालाशी. खाली उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला अंगठा होता, तो नंतर निगेटिव्हमध्ये पुसून घेतला, म्हणजे फोटोवरही हात फिरतोच. त्याचं मला एवढं काही नाही. पण लँगबाईंनी तिचं नावच विचारलं नाही, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं 1978 मध्ये! फोटो छापून आल्यावर तळावर धान्य पोचलं खरं, पण तोवर ती पोरं घेऊन पुढे गेलेली.

आता 1943 चा बंगाल. वीस ते तीस लाख माणसं गेली असं धरतात. भाव आवाक्याबाहेर, सरकारने होड्या काढून घेतलेल्या, आणि वर दुष्काळ हा शब्दही उच्चारायचा नाही. ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या स्टेट्समन या इंग्रजी पेपरने फोटो छापले तेव्हा कुठे दिल्ली-लंडनला जाग आली. हे काम फोटोनेच होतं, तिथे चित्र कमी पडतं, हे मान्यच करायला हवं.

पण त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षाच्या पेपरसाठी सुनील जाना फोटो काढत होते तसे चित्रकार चित्तप्रसाद बंगालातल्या मेदिनीपूरमध्ये गावोगाव हिंडून शाईने चित्रं काढत होते. बरगड्या, गुडघ्याच्या वाट्या, सगळं काळ्या रेघांत. रेघ ओढायला समोर बसावं लागतं, आणि बसलं की माणूस बोलतंच. म्हणून त्यांच्या 'हंग्री बेंगॉल'मध्ये माणसांची नावं येतात, जमीन कशी गेली ते येतं. इंग्रजांनी त्या पुस्तकाच्या प्रती जप्त करून जाळल्या.

आपल्याकडे बहात्तरला काय झालं? मदतीची सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाऊन खडी फोडणाऱ्या बाया, डोक्यावर पाट्या, ओळीने, आणि फोटोखाली काय तर 'दुष्काळी कामावरील मजूर'. संपलं. त्यातल्या कितीजणींची पोरं इथे मार्केटला माथाडीत लागली, आणि काही आज्या आजही कोपरखैरणे-घणसोलीत मुला-सुनांकडे राहतायत. मागे आर्टची पोरं बसलीयेत त्यांना सांगतो, कॅमेरा न्या, जरूर न्या, पण आधी स्केचबुक उघडा, दुपारभर बसा त्यांच्यापाशी, नाव-गाव विचारा, कुठल्या कामावर होत्या, हजेरी किती मिळायची ते विचारा, आणि सगळं चित्राखालीच लिहा, वेगळ्या वहीत नको.