एक चित्र, किती पाय?

नमस्कार श्रोतेहो.

जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीसमोरच्या चौकात एक लाकडी खुर्ची उभी आहे. उंची १२ मीटर. तीन पाय धड, चौथा मधूनच फाटून तुटलेला. कल्पना शिल्पकार दानिएल बेर्से यांची. भूसुरुंगबंदीच्या करारावर देशांनी सह्या कराव्यात, म्हणून १९९७ च्या ऑगस्टमध्ये ती तिथे उभारली. मुक्काम काही महिन्यांचाच ठरला होता. मध्ये चौकाचं काम निघालं तेव्हा ती हलवली, पण २००७ मध्ये पुन्हा जागेवर आली. मला हे बरोबर वाटतं. तुटलेल्या पायाचं काम काही महिन्यांत उरकत नाही.

आज ती आठवायचं कारण चित्रविक्री. युद्धानं पोळलेल्या भागांतल्या लोकांना कृत्रिम पाय मिळावेत म्हणून चित्रकार आपली चित्रं देतात, प्रदर्शन भरतं, एका संध्याकाळी बरी रक्कम जमते. मग 'एक चित्र, एक पाय' असं कुणीतरी म्हणतं. ऐकायला छान आहे, पण मला खटकतं.

पाय कसा होतो बघा. उरलेल्या पायाचा आधी प्लास्टरचा साचा घ्यायचा. त्यावरून तापवलेलं पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, ओढून सॉकेट करायचं, म्हणजे पाय ज्यात बसतो ती खोळ. खाली नळी, पाऊल, उंचीची जुळवाजुळव. नंतर दोन समांतर दांड्यांच्या मधून चालायचा सराव, रोज. सॉकेट जरा चुकलं की कातडी सोलवटते, आणि तो पाय घराच्या कोपऱ्यात उभा राहतो. सगळं नीट जमलं तरी मोठ्या माणसाला साधारण तीन ते पाच वर्षांत नवा पाय लागतो. मुलांना तर सहा महिन्यांत, फार तर वर्षात; हाड वाढत असतं ना. आठ वर्षांच्या मुलीचा पाय सुरुंगावर पडला, तर ती वीस वर्षांची होईतो किती पाय लागतील? तुम्हीच मोजा.

म्हणून विक्री भरवणाऱ्यांना विचारा: दालनाचं भाडं, चौकटी, वाहतूक वजा जाता उरतं किती, आणि ते किती वर्षं पुरवायचं ठरवलंय? चित्रकारांनाही एक विनंती. चित्र चांगलंच द्या. कीव म्हणून घेतलेलं चित्र माळ्यावर जातं, आणि घेणारा पुढच्या वर्षी फिरकत नाही.

या पैशातून कारागिरांचे पगारही व्हावे लागतात, हे विसरायला होतं. काबूलमध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसनं १९८८ मध्ये कृत्रिम पाय बनवणारं केंद्र सुरू केलं. इटलीचे फिजिओथेरपिस्ट अल्बर्टो कैरो तिथे १९९० मध्ये आले. पुढे तिथे माणसं नेमताना अपंगांनाच प्राधान्य द्यायचं ठरलं. त्यामुळे नव्यानं आलेल्याच्या पायाचं माप घ्यायला जो पुढे येतो, तोही बऱ्याचदा कृत्रिम पायावरच चालत आलेला असतो.