सायीपासून बेरीपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

लहानपणीच्या खाण्याचा विषय निघाला की आधी दिवाळीचा फराळ आणि पुरणपोळी आठवते. पण ज्या घरात रोज दूध तापत होतं, तिथे मुलांच्या तोंडाला खरी चव लागली ती दुधाच्या पातेल्यामुळे. पातेल्याला लागलेली खरवड, पोळीवरची साय-साखर, घुसळणाच्या दिवशी भाकरीवर लोण्याचा गोळा आणि तूप कढवल्यावर कढईच्या तळाची बेरी. एकाच दुधातून हे चार वाटे निघायचे आणि कोणत्या दिवशी काय मिळणार हे मुलांना पाठ असायचं. आता ते दिवस गेले अशी हळहळ पुष्कळदा ऐकू येते. दिवस गेले हे खरं, पण चव कुठे गेलेली नाही. रोज लिटरभर दूध येणाऱ्या घरात हे सगळं आजही होतं. त्यासाठी काय सांभाळायचं, ते आज सांगायचं आहे.

सुरुवात दुधापासून. म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो. पिशवीच्या फुल क्रीम दुधात निदान ६, टोन्ड दुधात ३ आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का. म्हणजे डबल टोन्ड दूध आणून जाड सायीची वाट पाहण्यात अर्थ नाही. खोक्यातल्या टिकाऊ दुधाचं आणखी वेगळं: त्यातले स्निग्धाचे कण यंत्राने इतके बारीक फोडलेले असतात की ते वर येऊन एकत्र होतच नाहीत. साय हवी तर सुटं म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध घ्यावं.

दूध उतू जाऊ न देता एक उकळी आणावी आणि मग मंद आचेवर पाच मिनिटं ठेवावं. पुढचं महत्त्वाचं. पातेल्यावर ताट झाकू नये, चाळणी किंवा जाळी ठेवावी. ताट झाकलं की वाफेचं पाणी सायीवर ठिबकतं, साय फाटते आणि पातळ राहते. दूध निवेपर्यंत पातेलं हलवायचं नाही. पूर्वी ते मुंग्यांच्या भीतीने पाण्याच्या परातीत ठेवत, त्यामुळे दूध लवकर निवायचं आणि मुंग्याही चढत नसत. आता निवल्यावर सहा-आठ तास फ्रीजमध्ये ठेवलं की साय पोळीसारखी अलगद उचलता येते. त्यातली थोडी त्याच वेळी ताज्या पोळीवर पसरून, वर साखर भुरभुरून गुंडाळावी. साखर जरा मोठ्या दाण्याची बरी, ती दाताखाली करकरते.

उरलेली साय बरणीत. इथेच बहुतेकांचं तूप बिघडतं. साय नुसतीच फ्रीजमध्ये आठवडाभर साठवली तर ती आंबत नाही, कुबट आणि कडवट होते आणि तो कडवटपणा थेट तुपात उतरतो. म्हणून पहिल्याच दिवशी विरजण लावावं. वाटीभर कोमट सायीला चमचाभर गोडसर दही पुरतं. ती रात्रभर बाहेर ठेवावी, सकाळी फ्रीजमध्ये. मग रोजची साय त्यात घालायची आणि प्रत्येक वेळी तळापासून ढवळायची. ढवळलं नाही तर वरचा थर पिवळा पडतो, पुढे बुरशी धरतो. भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं. कल्हई गेलेल्या पितळेत आंबट साय कळकते, ती टाकूनच द्यावी लागते. फ्रीज नसलेल्या घरांत उन्हाळ्यात दर तीन-चार दिवसांनी घुसळण निघायचं. आता आठवड्यातून एकदा पुरतं. दहा दिवसांच्या पुढे मात्र नेऊ नये.

घुसळण्याच्या आदल्या रात्री बरणी बाहेर काढून ठेवावी. उन्हाळ्यात पाच-सहा तास बास होतात, थंडीत रात्रभर लागते. मग सायीइतकंच पाणी घालायचं, उन्हाळ्यात बर्फाचं, थंडीत किंचित कोमट. कारण साधं आहे. उकाड्यात लोणी मऊ पडून ताकात पसरतं, रवीला चिकटतं, गोळा होत नाही. कडाक्याच्या थंडीत त्याचे कण इतके घट्ट होतात की एकमेकांना धरत नाहीत आणि कितीही घुसळलं तरी नुसता फेस येत राहतो. जुन्या घरात घुसळखांबाला दोरीने बांधलेली रवी असे आणि दोरीचं एक टोक मुलांच्या हाती दिलेलं असे. मिक्सर वापरायचा तर थांबून थांबून फिरवा. सलग फिरवला की भांडं तापतं आणि उन्हाळ्याचीच गत होते.

लोणी येताना आवाज बदलतो, तो कान देऊन ऐकावा. आधी रवी जड चालते, मग फेस फुगतो, आणि एकदम रवी हलकी पडते. ताक पातळ होऊन त्यावर रव्याएवढे कण दिसू लागतात. इथे वाटीभर गार पाणी घालून रवी सावकाश फिरवली की कण गोळा होतात. ओल्या हाताने लोणी काढून गार पाण्यात दोनदा धुवावं. न धुता कढवलं तर त्यातल्या ताकामुळे फेस फार येतो आणि तुपाला आंबूस वास राहतो. तीन-चारदा धुवून पाणी अगदी नितळ केलं तर तूप छान होतं, पण बेरी नावालाच उरते. मुलं असलेल्या घरात दोन पाणी पुरेत. आणि कढवण्याआधी लिंबाएवढा गोळा बाजरीच्या गरम भाकरीसाठी बाजूला काढावा, शेजारी लसणाची चटणी.

कढवायला जाड बुडाचं भांडं घ्यावं, अर्ध्याहून जास्त भरू नये. लोणी वितळलं की पांढरा फेस वर येतो आणि तडतड सुरू होते. ही तडतड पाण्याची. लोण्यात पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांच्या फारशी पुढे जात नाही, म्हणून इथे धोका नाही. तडतड थांबली की खरं लक्ष द्यायचं, कारण पाणी आटल्यावर तूप झपाट्याने तापतं. विड्याचं पान घालण्याची रीत याच वेळेची. पान कुरकुरीत झालं म्हणजे पाणी गेलं. तूप पारदर्शक होतं, तळाशी बेरी दिसते, आणि बारीक फेसाचा दुसरा थर चढू लागतो. बेरी फिक्या बदामी रंगावर असतानाच गॅस बंद करावा. भांड्याच्या उष्णतेने ती आणखी एक छटा पुढे जातेच. गडद तपकिरी होईपर्यंत थांबलं की तुपाला जळका वास आणि बेरी कडू. आधी उतरवलं तर पाण्याचा अंश राहून तूप थोड्याच दिवसांत खवट होतं.

तूप जरा निवल्यावर स्टीलच्या गाळणीने गाळावं. बरणी कोरडी हवी आणि तूप थिजेपर्यंत ती बाहेरच, न हलवता ठेवावी. सावकाश थिजलं तरच रवाळ होतं, फ्रीजमध्ये घातलं की मेणासारखं गुळगुळीत बसतं. म्हशीच्या रोजच्या लिटरभर दुधाच्या आठवड्याच्या सायीतून २०० ते २५० ग्रॅम तूप सहज निघतं.

आता बेरी. ही दुधातली प्रथिनं आणि दुधाची साखर, तुपात तळली गेलेली. ती गरम असतानाच खायची, गार झाली की कडक होते. दोन चमचे बेरीला एक चमचा पिठीसाखर. बेरीला आंबटपणा असेल तर साखर चालत नाही, किसलेला गूळ घालावा, त्यात तो आंबटपणा गोड वाटतो. बेरी बरीच निघाली तर कणकेत मळावी, त्या पोळ्या खुसखुशीत होतात. आणि कढई लगेच घासायला टाकू नये. तिच्यात मूठभर गरम भात आणि चिमूटभर मीठ घालून कडेकडेने फिरवावं. घरातलं धाकटं मूल त्या भातावर हक्क सांगतं, तो त्याचाच असतो.

राहिलं ताक. त्याची संध्याकाळी उकड करावी. एक वाटी तांदळाच्या पिठाला दीड वाटी ताक आणि दीड वाटी पाणी, गुठळ्या मोडून, चवीपुरतं मीठ घालून कालवावं. तेलात मोहरी, हिंग, हळद, हिरव्या मिरच्या, ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता यांची फोडणी करून त्यावर मिश्रण ओतावं. ओतल्यापासून हात थांबवायचा नाही, तळाशी लगेच गोळे धरतात. घट्ट होऊन चकाकी आली की झाकण ठेवून मंद आचेवर दोन वाफा काढाव्या. ताटलीत वाढल्यावर मध्ये खळगा करून त्यात कच्चं तेल किंवा सकाळचंच तूप घालावं आणि गरमच खावी.

नमस्कार.